एक जानेवारी धरून की सोडून?

१ जुलै २०२४, सोमवार. इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता त्या दिवसापासून लागू झाली. धुळ्याच्या कोर्टात सकाळपासून प्रत्येकाच्या हातात नवं पुस्तक होतं आणि बार रूममध्ये जुन्या कलमांना नवे आकडे जुळवणं चाललं होतं. माझं काम दिवाणी, त्यातही जागांचे सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीची कागदोपत्री तपासणी, आणि दस्त. तरी तो दिवस माझ्या डोक्यात पक्का बसला आहे, वेगळ्याच कारणाने.

अकराच्या सुमारास आबा आले. निवृत्त शिक्षक, देवपुरात तीन मजली इमारतीत फ्लॅट. फ्लॅट विकून मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही मिळालं होतं, पण गिऱ्हाइकाच्या बँकेने कर्ज अडवलं. बँकेच्या वकिलाचा शेरा एका ओळीचा होता: जमीन भाडेपट्ट्याची, मुदत संपत आली आहे.

"ताई, फ्लॅट मी रोख पैसे मोजून घेतला. घरपट्टी माझ्या नावावर. मग भाडेपट्टा कुठून आला?" असं म्हणता म्हणता ते एकदम अहिराणीवर आले, "मन्हं घर मन्हंच शे ना?"

हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, हे फ्लॅट विकताना बिल्डर सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. आबांच्या करारनाम्यात दुसऱ्याच पानावर 'भाडेपट्ट्याने धारण केलेला भूखंड' असं लिहिलेलं होतं. अडतीस वर्षांत ते कोणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

त्यांच्या कापडी पिशवीत सोसायटीचा पत्र्याचा डबा होता. त्यात तळाशी मूळ भाडेपट्ट्याची नक्कल सापडली. घड्या पडून पडून कागद घडीवरच फाटलेला, अक्षर मात्र मोत्यासारखं. '१ जानेवारी १९६५ पासून साठ वर्षे.' पुढे दोन कलमं. मुदतीअखेर जागा बांधकामासह मालकाच्या ताब्यात द्यायची. आणि मुदत संपण्याच्या किमान सहा महिने अगोदर मालकास लेखी कळवून पोच घेतल्यास पुढील तीस वर्षांसाठी पट्टा वाढवून मिळण्याचा हक्क.

मी बोटांवर मोजलं. साठ वर्षं ३१ डिसेंबरला संपणार. सहा महिने आधी म्हणजे ३० जून. म्हणजे काल. काल रविवार होता.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. बारा कुटुंबांचं घर एका दिवसाने गेलं, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, मला सुचेना. वाढीव मुदतीचा हक्क वेळेतच बजावावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या खटल्यात तेच सांगितलं आहे. तिथे उशिराला सहसा माफी नाही.

मग मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ काढला. कलम ११०. पट्ट्याची मुदत अमुक दिवसा'पासून' असं लिहिलं असेल, तर मोजताना तो दिवस सोडायचा. आणि मुदत वर्षांची असेल, तर ज्या दिवसापासून ती मोजायची, त्या तारखेचा शेवटच्या वर्षीचा अख्खा दिवस पट्टा चालू राहतो. दस्तात उलट काही ठरलेलं नसलं पाहिजे, एवढीच अट. मी सगळी पानं पुन्हा वाचली. अखेरची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणजे पट्टा १ जानेवारी २०२५ चा दिवस संपेपर्यंत जिवंत, आणि आमच्या हातात आजचा दिवस. समोरचा वकील यावर वाद घालू शकला असता. पण वाद घालायला जागा असणं आणि काहीच नसणं यात फार अंतर आहे.

दुसरी अडचण पट्टेदाराची. पट्टा होता बिल्डरच्या नावावर. त्याने तो सोसायटीच्या नावे कधी करूनच दिला नाही, आणि तो वारून दहा वर्षं झाली. मग नोटीस द्यायची कोणी? मी तिघांकडूनही दिली: सोसायटी, बिल्डरचा वारस मुलगा आणि बाराही फ्लॅटधारक. मुलाचं आग्रा रोडला दुकान. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याने नोटीस दोनदा वाचली आणि सही केली, "वडिलांचं राहिलेलं काम आहे" एवढंच म्हणाला. सोसायटीचे सेक्रेटरी सुरतेला मुलीकडे गेले होते. नवापूरमार्गे निघतो म्हणाले, पण वाट बघायला वेळ नव्हता; अध्यक्ष आणि कमिटीतल्या एका वहिनींच्या सह्या घेतल्या. डब्यात एक मोलाची गोष्टही होती: गेल्या पंचवीस वर्षांच्या जमीनभाड्याच्या पावत्या, सगळ्या सोसायटीच्या नावे. मालकाने सोसायटीला पट्टेदार मानलं होतं, याचा एवढा पुरावा पुरे होता.

पोस्टाने पाठवलेलं आज पोचणार नव्हतं. पांझरेच्या पुलावरून रिक्षाने आम्ही गल्ली नंबर चारमध्ये गेलो. मालकीण काकू ऐंशीच्या पुढच्या. ओसरीवर कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. "या, बठा," म्हणाल्या.

नोटीस हातात दिली तोच त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. कोणीतरी आधीच कळवलं असावं. "कशावरही सही करू नको" हे आम्हालाही ऐकू आलं. मी काकूंना सांगितलं, की ही नुसती पोच आहे, संमती नाही. कागद मिळाला एवढाच तिचा अर्थ. पण या कागदाने पट्टा वाढवून मागण्याचा सोसायटीचा हक्क शाबूत राहतो, तेव्हा तुमच्या वकिलाला विचारून मगच सही करा. आबांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. पण ते न सांगता सही घेतली असती, तर मला झोप लागली नसती.

काकूंनी जुना दस्त मागितला. चष्मा लावून शेवटच्या पानावर खाली बोट फिरवलं. "मामंजींची सही," म्हणाल्या. बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून होत्या. मग फोनवर मुलाला म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनी लिहून दिलंय. कागद आला तर घ्यायचा नाही का?" आणि वातीचं बोट लुगड्याला पुसून सही केली. मी शेजारी वेळ टाकली: सायंकाळी ४.५०.

पुढे काकूंच्या मुलाने एका दिवसाचा वाद काढलाच. चार बैठका झाल्या. जमीनभाडं बरंच वाढलं आणि ते वाजवीच होतं. १९६५ चा आकडा आज कोणालाही लाजवेल. पट्टा वाढवणं म्हणजे नवा पट्टाच, त्यामुळे नोंदणी आली, मुद्रांक शुल्क आलं. एकोणतीस वर्षांवरच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर शुल्क लागतं, दहा ते एकोणतीस वर्षांना ५० टक्क्यांवर. म्हणून सभासदांनी तीसऐवजी एकोणतीस वर्षं घेतली.

नव्या दस्तात मी मुदतीची पहिली आणि शेवटची तारीख अंकात आणि अक्षरात लिहिली, पुढे 'हे दोन्ही दिवस धरून'. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात अंगठा द्यायच्या आधी काकूंनी तेवढी ओळ मोठ्याने वाचून घेतली. आबा शेजारीच उभे होते. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.