लोकशाही दिनात गल्लीचा प्रश्न मांडताना आलेला अनुभव

आमच्या कॉलनीच्या गटारीला पुढे निकासच नाही. ले-आउट मंजूर झाला, प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली. गटार मात्र ओपन स्पेसच्या कडेला येऊन संपते. तिथे जे डबकं साचतं, त्यातच पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. आठवड्यातून एकदा पाणी सुटतं तेव्हा व्हॉल्व्हमन बाही वर सारून कोपरापर्यंत हात त्या काळ्या पाण्यात घालतो आणि चाचपडत चावी फिरवतो. मग बराच वेळ नळाला वास मारणारं, फेसाळ पाणी येतं. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या कॉलनीत राहत असाल, तर वेगळं सांगायला नको.

सांगायचं कुणाला? नगरपरिषदेची मुदत 2021 अखेर संपली आणि निवडणुका झाल्या थेट डिसेंबर 2025 मध्ये. मधल्या काळात प्रशासक. दार ठोठवायला हक्काचा नगरसेवकच नव्हता. म्हणून आम्ही तालुक्याच्या लोकशाही दिनात जायचं ठरवलं. तो दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, सगळ्या खात्यांचे अधिकारी एका ठिकाणी बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात.

सह्या गोळा व्हायला वेळ लागला नाही. घोडं अडलं ते तहसीलच्या आवक टेबलावर.

"ताई, हा सामूहिक अर्ज आहे. लोकशाही दिनात वैयक्तिक तक्रारच घेतात," असं म्हणत तिथल्या बाबूने सह्यांचे कागद परत माझ्या हातात ठेवले. नियम तसा आहे, हे खरं. न्यायप्रविष्ट प्रकरणं, नोकरीविषयक तक्रारी, अपिलं, विहित नमुन्यात नसलेले अर्ज आणि वैयक्तिक नसलेल्या तक्रारी स्वीकारत नाहीत. पण गटार एका घराची असते का? अख्ख्या गल्लीचं पाणी खराब झालं, तर ते कुणाचंच वैयक्तिक दुःख नाही? मी हे विचारलं तेव्हा "साध्या टपालात निवेदन द्या" एवढंच उत्तर मिळालं. टपालात आम्ही आधीच दिलं होतं, त्याला उत्तर नव्हतं. नगरपरिषदेत गेलो तर ते म्हणाले, लोकशाही दिन तहसीलचा विषय. तहसीलला आलो तर म्हणे पाणी नगरपरिषदेचा विषय. या चकरांत तो सोमवार हातचा गेला, कारण अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथल्या आईला "पुढच्या महिन्यात या" असं सांगताना कुणाला काहीच वाटू नये, याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

तोड काढली आमच्या गल्लीतल्या नानांनी. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. म्हणाले, "वैयक्तिक पाहिजे ना? मग घरागणिक द्या." प्रत्येक घराने आपला वेगळा नमुना भरला. विषयात "कॉलनीतील गटार" न लिहिता "माझ्या नळजोडणीस येणारे दूषित पाणी" असं लिहिलं. सोबत स्वतःच्या नावाची पाणीपट्टीची पावती, नळाचा आणि व्हॉल्व्हचा फोटो. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अर्ज कॉलेजच्या मुलींनी भरले. सकाळी आम्ही बायाच रांगेत उभ्या राहिलो. एकेका अर्जावर शिक्का आणि आवक क्रमांक पडताना बघून मला फार बरं वाटलं. तो अभिमान मी लपवणार नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. हे आधीच लिहायला हवं होतं, सगळ्यात महत्त्वाचं तेच.

प्रत्यक्ष दिवशी बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. "निधी उपलब्ध झाल्यावर" असं पालिकेकडून सुरू होताच शेजारच्या जिजींनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "साहेब, आमना नळले गटारनं पानी येस. तुम्ही पिशात का?" मग मात्र तारीख मागितली गेली आणि ती टिपणातही आली. तोंडी आश्वासनावर उठू नका, तारीख लिहून घ्यायला लावा.

व्हॉल्व्हचं चेंबर उंच बांधून झालं, पाणी आता स्वच्छ येतं. गटारीचा निकास बाकी आहे. तालुक्याला अर्ज देऊन महिना उलटला की जिल्ह्याच्या लोकशाही दिनात जाता येतं, तो पहिल्या सोमवारी असतो. त्यापुढे नाशिकला विभागीय आयुक्तांकडे, दुसऱ्या सोमवारी. तिथे खालच्या अर्जाची पोच लागते, म्हणून सगळ्या पोचपावत्या नानांच्या घरी एका फाइलीत लावल्या आहेत. निघण्याआधी आचारसंहिता नाही ना, तेवढं विचारून घ्या. त्या काळात लोकशाही दिन होत नाही. आणि सोमवारी सुट्टी आली, तर दुसऱ्या दिवशी जा.