फिनिक्स ते लास व्हेगास: वाळवंटातली बांधकामं, त्यांची धूळ आणि मुंबईच्या साइट

मुंबईत धूळ म्हटलं की आधी पत्रे आठवतात. महापालिकेच्या २०२३ च्या सूचनांनुसार १ एकराहून मोठ्या साइटला ३५ फूट उंच पत्रे आणि इमारतीला हिरवं कापड लागतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या फिनिक्स आणि लास व्हेगासमध्ये मात्र नियमांचा भर जमिनीवर आणि गेटवर आहे, म्हणून तिथल्या साइट बघायला गेलात तर पाहणीही तिथूनच सुरू करावी.

आधी फिनिक्स बघा, तिथली अट जास्त कडक आहे. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं, तिच्या नियम ३१० प्रमाणे ०.१ एकर, म्हणजे अवघे ४ गुंठे जमीन उकरायची असली तरी धुळीचा परवाना लागतो. लास व्हेगासच्या क्लार्क काउंटीत ही मर्यादा १० गुंठे आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेटवर द्या. फिनिक्समध्ये २ एकर किंवा त्याहून मोठ्या साइटला टायरची माती रोखणारी सोय सक्तीची आहे. खडीचा पट्टा केला तर तो किमान ३० फूट रुंद, ५० फूट लांब, ६ इंच जाड हवा आणि खडी १ इंच किंवा त्याहून मोठी. म्हणजे साडेसात ब्रास खडी (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). बारीक खडी चालत नाही, ती टायरच्या खाचांत अडकून माती घेऊनच रस्त्यावर येते. पट्टा मातीने भरला की तो असून नसल्यासारखाच, त्यामुळे खडी उकरून बदलावी लागते. एवढं करूनही रस्त्यावर एकूण २५ फूट माती पसरली, तर ती लगेच उचलायची.

पाणी खोदाई सुरू होतानाच मारलं तर वरचा थर तेवढा भिजतो, खालची कोरडी माती बकेटबरोबर उडतेच. म्हणून जेवढं खोल खणायचं तेवढं आधी मुरवतात. काम थांबलेल्या जमिनीची परीक्षा सोपी आहे: १६ मिलिमीटरची पोलादी गोळी १ फुटावरून तीनदा टाकायची, तीनपैकी किमान दोनदा पापुद्रा न फुटता टिकला तर जमीन पास. मुंबईच्या रिकाम्या प्लॉटवर ही चाचणी उन्हाळ्यात नक्की करून पाहावी.

१ एकरापासून पुढे पावसाच्या पाण्याचा परवाना वेगळा लागतो. १५ जून ते ३० सप्टेंबर हा फिनिक्सच्या ॲरिझोना राज्याचाही मोसमी काळ. आपल्याकडे टायर धुण्याची जागा सक्तीची आहे. पण ते पाणी थेट पर्जन्यवाहिनीत सोडू नका, आधी गाळ बसायला टाकी हवी.

साइटवर पहाटेच पोहोचा. हिवाळ्यात लास व्हेगासचं घड्याळ फिनिक्सच्या १ तास मागे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ. भेटी ठरवताना हे तपासून घ्या.