आठ सुरळ्या, आठ नावं

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं उगवण तपासतो. कपाशीच्या लॉटमधून 400 दाणे घ्यायचे, ओल्या पेपर टॉवेलवर पन्नास-पन्नास मांडायचे, सुरळी करून जर्मिनेटरमध्ये, म्हणजे उगवणीच्या कपाटात, उभी ठेवायची. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. उगवण 75 टक्क्यांच्या खाली गेली की लॉट बाद.

तीन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, सोबतच्या माणसांसाठी कामावरच प्रार्थना करायची असं ठरवलं. आधी मोजणी करताना करायचो. पॅकिंगच्या मावशी मनात आल्या की छत्तीसनंतर एकदम एकेचाळीस. परत पहिल्यापासून मोजा! मग सुरळ्या करतानाच नावं घ्यायला लागलो. एका लॉटच्या आठ सुरळ्या, म्हणून आठ माणसं. हंगामाच्या आधी लॉटवर लॉट येतात, तेव्हा ही आठ जणं दिवसभर माझ्या हातांतून फिरत असतात.

ओठ हलतात हे मला माहीत नव्हतं. हेल्पर पोरानं एकदा विचारलंच, "दादा, मंत्र म्हणता का काय? आम्हाला ख्रिस्ती करता का?" आमचं घर मूळचं बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेल्या वस्तीतलं. हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या येत आलाय. मी म्हणालो, "तुझ्या भावाची दहावी आहे ना, तिच्यासाठी मागतोय. तू गणपतीला मागतोस तसंच." तो म्हणाला, "मग गणिताचं जरा जास्त सांगा."

चुकलो ते पुढे. लॅबमधल्या सीनिअर भाऊंनी कँटीनमध्ये मन मोकळं केलं होतं. पोरीच्या लग्नाला खाजगी सावकाराचे पैसे घेतलेले, व्याज फिटत नव्हतं. बुधवारच्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, प्रार्थनेसाठी विनंत्या विचारल्या तेव्हा मी डोळे मिटून सगळं बोललो. नाव, रक्कम, सावकार, सगळं. प्रभूला जणू ही माहिती नवीनच होती. घरसभेतल्या एका बाईंची शेजारीण आमच्या पॅकिंगला. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीच चर्चा.

भाऊ लॅबचं दार लावून समोर उभे राहिले. "तुमच्या देवाला माझा पत्ता बी सांगितला का?"

माफी मागितली, ती त्यांनी घेतली नाही. महिनाभर कामापुरतं बोलणं. पाळकसाहेबांकडे गेलो, वाटलं धीर देतील. ते म्हणाले, "नाव घे आणि गप बस. बाकीची ती चहाडीच झाली." लागलं, पण खरंच होतं. तेव्हापासून घरसभेत कामावरच्या कुणाचंही काही सांगत नाही, फार तर "एका सोबत्यासाठी". बायकोलाही नाही.

आठवी सुरळी डिस्पॅचच्या साहेबांची. ती मात्र अजून सरळ होत नाही. एका मे महिन्यात माझ्याकडे एक लॉट 67 टक्क्यांवर आला. बाहेर ट्रक उभा, साहेब म्हणाले, "एवढं काय, परत लावा आणि आकडा बसवा." मी परत लावला, 66 आला. तो लॉट अडकला आणि माझी वार्षिक वाढही अडकली. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं येशूनं सांगितलंय, रविवारी ऐकायला सोपं वाटतं. पहिले पंधरा दिवस माझी प्रार्थना एवढीच होती की यांची बदली होऊ दे. आता नाव घेतो, पुढे काय मागावं ते सुचत नाही, सुरळीला रबर लावतो. एका दुपारी ते गोदामाच्या सावलीत एकटेच बसून, डोळे मिटून, बीपीची गोळी कोरडीच गिळताना दिसले. पाणी नेऊन दिलं. "ठेवा तिथं," म्हणाले.

भाऊंचं कर्ज फिटलं का ते मी विचारलेलं नाही. दिवाळीनंतर एकदा ते माझ्या ट्रेजवळ येऊन उभे राहिले, सुरळ्यांकडे बघत.

"ह्यातली माझी कितवी?"

"तिसरी."

त्यांनी ती उचलली, बोटानं दाबून पाहिली. "पाणी कमी मारलंय हिला," म्हणाले, आणि स्प्रेची बाटली माझ्याकडे सरकवली.