उत्तर स्कॉटलंडचे एकपदरी रस्ते

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग आता मराठी पर्यटकांच्या सहलींच्या बेतांतही दिसू लागला आहे. त्यासाठी नवा रस्ता कोणी बांधलेला नाही. पूर्वीपासूनचेच रस्ते एकमेकांना जोडून २०१५ साली त्यांना हे नाव देण्यात आले. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघून पुन्हा तिथेच आणून सोडणारा हा फेरा ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा आहे, आणि तो ठरावीक दिवसांत पूर्ण करणे हीच अनेकांच्या लेखी सुट्टी असते. आम्ही दोघांनी तो पूर्ण करायचा नाही, असे निघण्यापूर्वीच ठरवले होते. पूर्व किनाऱ्यावरचा रस्ता रुंद, वेगवान आणि बराचसा सरधोपट आहे. खरा ऐवज पश्चिमेला, ॲपलक्रॉसपासून डरनेसपर्यंतच्या पट्ट्यात आहे, आणि तिथे गाडी ताशी तीस मैलांच्या वर फारशी जात नाही, जाऊही नये. म्हणून हाताशी असलेला सगळा वेळ आम्ही या पट्ट्याला दिला आणि परतताना किनारा सोडून स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातला आतला रस्ता धरला.

इथल्या सुट्टीचे स्वरूप रस्त्याच्या रुंदीवर ठरते. बरेच रस्ते एकपदरी आहेत आणि त्या एकाच पदरावरून दोन्ही दिशांची वाहने ये-जा करतात. दर काही अंतरावर कडेला एक-दोन गाड्या मावतील एवढी जागा काढलेली असते आणि तिथे पांढऱ्या पाटीवर ‘पासिंग प्लेस’ असे लिहिलेले असते. नियम सोपे आहेत. समोरून वाहन येताना दिसले, की आपल्या डाव्या हाताच्या जागेत शिरून थांबायचे. ती उजव्या हाताला असेल, तर रस्ता न ओलांडता तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा त्या जागेतून वळसा घेऊन निघून जातो. उतरणाऱ्याने शक्यतो चढणाऱ्याला वाट द्यायची. आणि मागच्या गाडीला पुढे जायचे असेल, तर तिच्यासाठीही याच जागेत थांबायचे. या शेवटच्या नियमाचा पर्यटकांना सर्रास विसर पडतो. मागून येणारी गाडी टपालाची असते, घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेची असते किंवा मुलांना शाळेतून आणायला निघालेल्या आईची असते, आणि आपण डोंगर न्याहाळत रेंगाळत असताना त्यांचा कामाचा दिवस मात्र वाया जात असतो. या जागा वाहने उभी करण्यासाठी नाहीत, हेही हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही देखणे वळण आले, की तिथे कोणीतरी गाडी लावून छायाचित्रे काढत असतोच.

आपल्याकडे घाटातल्या वळणावर हॉर्न वाजवणे हा शिष्टाचार समजला जातो. इथे तो आमच्या कानांवर जवळजवळ पडलाच नाही. वाट दिली, की समोरचा चालक स्टिअरिंगवरून तळहात न उचलता फक्त तर्जनी वर करतो. सुरुवातीला आम्ही उत्साहाने पूर्ण हात हलवत होतो; पुढे आमचेही एका बोटावर भागू लागले. त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे लांबवर पाहण्याची. झाडे विरळ असल्यामुळे रस्ता दूरपर्यंत दिसतो, आणि समोरून काही येत असेल तर पुढच्या कोणत्या जागेत आपण थांबायचे आणि कोणत्या जागेत त्याने, याचा हिशेब मनात आधीच मांडावा लागतो. तो जमला, की दोन्ही गाड्यांना ब्रेक फारसे दाबावे लागत नाहीत. अशा रस्त्यांनाही, वेगळी पाटी नसेल तेव्हा, देशभरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांची ताशी साठ मैलांची वेगमर्यादा लागू असते. हा आकडा कागदावर आहे म्हणून गाठायचा, असे समजणाऱ्याने इकडे फिरकू नये.

या सगळ्याची परीक्षा बेलाख ना बा या खिंडीत होते. लॉख किशॉर्न या समुद्राच्या खाडीच्या काठी, म्हणजे समुद्राच्या पातळीपासून, हा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरांत ६२६ मीटर उंचीवर जातो. १८२२ च्या सुमारास बांधलेला हा रस्ता गुरे हाकत नेण्याच्या जुन्या वाटेवरून गेला आहे आणि वरची नागमोडी वळणे आल्प्समधल्या घाटरस्त्यांच्या धर्तीवर आहेत. पायथ्याशी मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, खूप मोठी वाहने आणि कॅरॅव्हान यांनी पुढे जाऊ नये. आम्ही वरच्या वळणांच्या खाली पोचलो, तेव्हा अशीच एक अवजड मोटरहोम वरून उतरत होती. तिचा मागचा भाग वळणाच्या आतल्या कठड्याला जेमतेम वीतभर अंतरावर अडला होता. चालकाची बायको खाली उतरून, एक हात कठड्यावर ठेवून, दुसऱ्या हाताने त्याला इंच इंच पुढे घेत होती. चढणाऱ्यांना वाट मिळायची, तर इथे चढणाऱ्या आम्हा सर्वांनाच एकामागून एक मागे सरकावे लागले. सर्वांत मागे एक स्थानिक पिकअप होता. त्याच्या चालकाने आरशात पाहत, एका हाताने, वळणावळणाची ती वाट उलटी उतरून आमच्यासाठी जागा करून दिली आणि नंतर वर येताना नेहमीसारखे बोट उचलले. त्या सौजन्याच्या जोरावर हे रस्ते चालतात, आणि पाटी वाचूनही वर येणारे त्याच सौजन्याचा गैरफायदा घेतात, असे माझे स्पष्ट मत झाले.

हिमवर्षावात हा रस्ता बंद होतो. १९७० च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत ॲपलक्रॉसच्या गावकऱ्यांना गाडीने बाहेर पडण्यासाठी ही एकच वाट होती, म्हणजे हिवाळ्यात त्यांचे काय होत असेल, हे वर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. खिंडीच्या माथ्यावरून स्काय बेटाचे क्विलिन डोंगर दिसतात आणि त्यांच्या अलीकडे पाण्यात लांबट, बुटके रासे बेट दिसते. आमच्यासोबत थांबलेले लोक क्विलिनकडे पाहत होते. मला रासेचे कुतूहल अधिक होते. त्या बेटाच्या उत्तरेला अर्निश नावाची वस्ती होती आणि तिथवर रस्ता नव्हता. गावकरी वर्षानुवर्षे मागणी करत राहिले आणि सरकारी कचेरी नकार देत राहिली. शेवटी कॅलम मॅक्लाउड या शेतकऱ्याने, जो टपालही वाटत असे, १९६० च्या दशकाच्या मध्यावर स्वतःच काम सुरू केले. रस्ते कसे बांधावेत याचे एक जुने पुस्तक त्याने विकत घेतले, सुरुंगाच्या काही कामापुरती सरकारी मदत मिळवली, आणि पुढची सुमारे दहा वर्षे कुदळ, फावडे व एकचाकी हातगाडी घेऊन पावणेदोन मैलांचा रस्ता तयार केला. तो पुरा होईपर्यंत अर्निशमध्ये तो आणि त्याची बायको एवढेच राहिले होते. प्रशासनाने तो रस्ता ताब्यात घेऊन त्यावर डांबर घातले ते १९८० च्या दशकात. ‘इतक्या अरुंद रस्त्यावर गाड्या तरी कशा चालवायच्या’ अशी कुरकूर करणाऱ्यांना मी तेव्हापासून ही हकीकत ऐकवतो.

टॉरिडनपासून गेअरलॉखपर्यंतचा भाग सुंदर आहे, पण त्याची वर्णने भरपूर उपलब्ध आहेत, म्हणून पुढे जातो. डंडोनेलहून ब्रेमोरकडे जाणारा रस्ता मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्याला ‘डेस्टिट्यूशन रोड’ म्हणतात. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, उपासमार झाली, तेव्हा लोकांना फुकट मदत द्यायची नाही, या धोरणापायी त्यांच्याकडून असे रस्ते खणून घेतले गेले, आणि मोबदला म्हणून धान्याचे पीठ मोजून देण्यात आले. उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळावरून जाणारा तो सरळ रस्ता आज गाडीतून काही मिनिटांत संपतो.

उल्लापूलच्या उत्तरेला असिंट भाग लागतो आणि इथे भूगर्भशास्त्राचे जुजबी ज्ञान असले, तरी प्रवासाचा आनंद दुप्पट होतो. सुइल्व्हन, स्टॅक पॉली असे डोंगर एकमेकांना न चिकटता, सपाट ओबडधोबड जमिनीतून एकेकटे उठलेले दिसतात. जमीन आहे ती सुमारे तीन अब्ज वर्षांपर्यंत जुन्या नाइस खडकाची, आणि तिच्यावर उभे असलेले डोंगर सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचे. डोंगरांच्या मधला वालुकाश्म हिमनद्यांनी खरवडून नेल्यामुळे एवढेच सुळके शिल्लक राहिले. रस्त्यालगतच्या नॉकन क्रॅग या कड्यावर त्याहून मोठी गंमत आहे. तिथे खालचा खडक सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याच्या डोक्यावर बसलेला खडक त्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचा आहे. त्यांच्यामधली रेघ अगदी ठळक आहे: पायवाटेने वर जाऊन तळहात टेकवला, तर बोटे गडद, पापुद्र्यांच्या जुन्या खडकावर आणि मनगट फिकट चुनखडकावर येते. खालचे तरुण आणि वरचे म्हातारे, असे कसे, यावर एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांमध्ये कडाक्याचे वाद झाले. बेन पीच आणि जॉन हॉर्न यांनी हा प्रदेश पायी पालथा घालून दाखवून दिले, की जुना खडक आडव्या दाबाने ढकलला जाऊन नव्याच्या अंगावर चढला आहे. १९०७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंचनाडॅम्फला त्यांचे साधे स्मारक आहे, आणि जवळच लॉख असिंट या सरोवराच्या काठी आर्डव्रेक किल्ल्याचे भग्न अवशेष आहेत. बहुतेक गाड्या किल्ल्यापाशीच थांबतात.

इथून मुख्य रस्ता सोडून ड्रमबेगमार्गे किनाऱ्याचा फाटा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अर्थात गाडी लहान असेल तरच. चढ काही ठिकाणी एकास चार, म्हणजे चार मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असे आहेत आणि वळणापलीकडे काय आहे, ते वळेपर्यंत कळत नाही. एका उतारावर मेंढी आणि तिची दोन कोकरे उन्हाने तापलेल्या डांबरावर पसरली होती. कोकरे उठली, बाजूला झाली, पुन्हा आली; मेंढीने मात्र रवंथ थांबवला नाही. पाठीवरच्या लोकरीला निळ्या रंगाचा मालकाचा ठिपका, कानात पिवळा बिल्ला, आणि नजरेत आमच्याविषयी संपूर्ण अनास्था. शेवटी बायको उतरली, तेव्हा मेंढीने आपल्या सवडीने रस्ता दिला. हा फाटा संपतो तिथून काइलस्कूचा वळणदार पूल जवळच आहे. १९८४ पूर्वी इथे गाड्या फेरीने पलीकडे नेत असत.

डरनेसला आम्ही मे महिन्याच्या उत्तरार्धात पोचलो आणि हा काळ योग्य ठरला. रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, काटेरी गॉर्सची पिवळी फुले भरात असतात, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा हंगाम जेमतेम सुरू होत असतो. जून ते ऑगस्टमध्ये, वारा पडलेला असेल तर, ती चिलटे माणसाला गाडीबाहेर उभे राहू देत नाहीत. केप राथच्या टोकाला आपली गाडी नेता येत नाही. लहान होडीने खाडी ओलांडून पलीकडच्या मिनीबसने जावे लागते आणि होडी हवामानावर अवलंबून असते. आमच्या दिवशी ती निघालीच नाही.

परतीचा स्ट्रॅथनेव्हरचा रस्ता या सहलीच्या जाहिरातींमध्ये क्वचितच असतो. बेटीहिलहून सायर आणि तिथून लॉख नेव्हरच्या काठाने आल्टनाहारापर्यंत जाताना मैलोन्‌मैल घर दिसत नाही, आणि पर्यटकांच्या तोंडी ‘निसर्गाची अस्पर्शित भूमी’ असे शब्द येतात ते अशाच ठिकाणी. वस्तुस्थिती वेगळी आहे. या खोऱ्यात गावे होती. सदरलंडच्या जमीनदारांनी मेंढपाळीसाठी ती उठवली. १८१४ आणि १८१९ साली इथली माणसे घरांबाहेर काढली गेली आणि पुन्हा राहायला येऊ नयेत म्हणून छपरे जाळली गेली. हे काम पाहणारा पॅट्रिक सेलर हा कारभारीच या जमिनीचा भावी मेंढी-व्यावसायिक होता. १८१६ साली त्याच्यावर इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. सायरजवळ रोझल या उठवलेल्या गावात पायवाट आहे. गवतात गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींचे आयत दिसतात, त्यांतले काही घरांचे आणि काही गोठ्यांचे, आणि उतारावर जुन्या शेतांचे वाफे तिरप्या उन्हात अजून ओळखू येतात. बेटीहिलच्या जुन्या चर्चमधले संग्रहालय आधी पाहून मग हा रस्ता घेतला, तर दोन्हींचा अर्थ लागतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. आपला वैध भारतीय वाहन परवाना तिथे आल्यापासून बारा महिन्यांपर्यंत चालतो, वाहतूक डावीकडूनच असते आणि मोजमाप मैलांत असते. गाडी शक्य तितकी लहान घ्यावी. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीपासून सांगावे लागते. डांबराच्या कडा तुटलेल्या असतात आणि टायर अनेकदा विम्याच्या बाहेर असतात, म्हणून वाट देताना गवतावर चाके न उतरवता जागेपर्यंत मागे जावे. निवास आधी आरक्षित करावा, कारण गावे लहान आहेत आणि खोल्या मोजक्याच. ‘नॉर्थ कोस्ट ५००’ची प्रसिद्धी झाल्यापासून रस्त्यांची झीज, कचरा आणि कुठेही मुक्काम ठोकणाऱ्या मोटरहोम यांबद्दल स्थानिकांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे: स्कॉटलंडमध्ये कोणालाही डोंगरांवर मोकळेपणाने फिरण्याचा जो कायदेशीर हक्क २००३ च्या कायद्याने दिला आहे, त्यात मोटारगाडी येत नाही. पेट्रोलची टाकी अर्धी झाली, की दिसेल त्या पंपावर भरून घ्यावी. ॲपलक्रॉसचा पंप गावकऱ्यांची संस्था चालवते. तिथे दर शहरापेक्षा जास्त असला, तरी इन्व्हर्नेसहून टाकी काठोकाठ भरून न येता थोडे पेट्रोल तिथे घ्यावे, कारण तो पंप बंद पडला, तर गावकऱ्यांना टाकी भरायला खिंड ओलांडावी लागेल.