तुम्ही विचारलंत म्हणून: मिरचीचं बी कधी घालायचं?

पौष लागला की आमच्या गल्लीत हा प्रश्न सुरू होतो. "काकू, मिरचीचं बी कधी घालता?" मी उत्तराआधी वही आणते, तेव्हा विचारणारीचा चेहरा पडतो. तिला नुसती तारीख हवी असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सगळंच सांगते.

आमचं परडं बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या बाजूला. माती तांबडी, पाऊस भरपूर. मृगाचा पाऊस धरला की मिरचीच्या मुळाशी पाणी थांबतं आणि उभी झाडं मरतात. म्हणून मे महिन्यात तोडे मिळायलाच हवेत. तिथून मागे मोजत या. लावणीपासून हिरवी मिरची हाताला लागेपर्यंत साधारण 60 ते 75 दिवस, त्याआधी तरू, म्हणजे लावणीचं रोप, तयार व्हायला 40 ते 45 दिवस. हिशेब येऊन संक्रांतीपाशी थांबतो. आणि नेमकी तेव्हाच इथे पहाटे हुडहुडी भरते. मिरचीच्या बियाला 25 ते 30 अंशांची ऊब लागते. शेजारच्या कन्नड अज्जी म्हणतात, शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते. खरंच जाते, पण तोवर थांबलं तर मिरची पावसात सापडते.

एका वर्षी मी संक्रांतीनंतर कट्ट्यावर ट्रे मांडला. पंधरा दिवस झाले तरी एक कोंब नाही. मी तडक बियाणांच्या दुकानात गेले आणि जुनं बी दिलंत म्हणून नको ते बोलून आले. एकोणिसाव्या दिवशी कोंब वर आले. दुकानदाराची माफी मागितली आणि नातवाच्या शाळेची अर्धी कोरी वही घेऊन लिहायला बसले.

पुढच्या वर्षी एकाच पुडीतलं बी दोन ट्रेत घातलं, प्रत्येकी 40. एक ट्रे कट्ट्यावर, दुसरा न्हाणीत बंबाशेजारी. बंबाजवळचं नवव्या दिवशी उगवलं, 34 रोपं. कट्ट्यावर अठराव्या दिवशी, तीही 13. बाकीचं बी गार ओल्या मातीत कुजलं. तेव्हापासून बी बंबाशेजारीच उगवतं. मात्र पहिला कोंब दिसला की ट्रे लगेच उन्हात, नाहीतर रोपं उजेडासाठी लांबट, लुसलुशीत होतात.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. तीन वर्षं कोवळी रोपं मातीलगत मऊ पडून आडवी होत होती. मी शेणखताला दोष देत होते. नोंदी एकाखाली एक वाचल्या तर तिन्ही वेळा 'संध्याकाळी पाणी' लिहिलेलं. रात्रभर माती ओली, वर गारठा, बी दाट पेरलेलं. बुरशीला आणखी काय हवं? आता पाणी सकाळीच, तेही वरची माती सुकल्यावर.

सासूबाईंनी कधी काही लिहिलं नाही, त्यांना सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे एक काटेरी वांगं होतं, दरवर्षी घरचंच बी. त्या गेल्यावर मी फळ जांभळं असतानाच बी काढलं. वांगं झाडावर पिवळं पडून पिकल्याशिवाय बी तयार होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. एकही उगवलं नाही. ते वांगं आमच्या घरातून गेलं, त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून वहीत मी फार काही नाही, एवढंच लिहिते: बी कुठलं आणि कोणत्या वर्षीचं, किती घातलं, कितव्या दिवशी किती उगवलं, पहाटेचा गारठा कसा होता, लावणी कधी, पहिला तोडा कधी. ट्रेत आइस्क्रीमची काडी खोचून त्यावर पेन्सिलीने नाव. पेनची शाई पाण्याने जाते आणि मग लवंगी कुठली, संकेश्वरी कुठली, कळत नाही. या दोन्ही शेजारी लावल्या तर घरचं बी धरू नका; मधमाश्या परागांची सरमिसळ करतात.

भेंडी, गवार, दोडक्याची घाई नको. त्यांचं बी थंडी ओसरल्यावर थेट वाफ्यात.

तुमच्याकडे बी मागच्या वर्षीचं असेल तर आज रात्रीच दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बंबाशेजारी ठेवा. दहा-बारा दिवसांत सातांना मोड आले तर बिनधास्त पेरा, चारांनाच आले तर दुप्पट घाला. आणि किती आले ते त्याच दिवशी लिहा.