भरती-ओहोटी पाहून ठरवलेली रत्नागिरीची सहल

पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाला समुद्राकाठी जायचे म्हटले की पहिली नावे अलिबाग, दिवेआगर आणि हरिहरेश्वर यांचीच निघतात, कारण ती जवळ आहेत. आम्ही मात्र २०२४च्या प्रजासत्ताक दिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीसाठी रत्नागिरी निवडली. त्यामागचे मुख्य कारण सृष्टिसौंदर्य नव्हते. आमची मुलगी सहा वर्षांची, मुलगा जेमतेम अडीच वर्षांचा आणि सोबत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, असा लवाजमा असताना रात्री दोन वाजता कोणाला ताप आला तर जवळ जिल्हा रुग्णालय, बालरोगतज्ज्ञ आणि उघडे औषधांचे दुकान असलेले गाव हवे, असे मी ठरवून टाकले होते. ज्या गावाला समुद्रही आहे आणि जिल्ह्याचे ठाणेही आहे, असे कोकणात रत्नागिरीहून सोयीचे ठिकाण मला दिसले नाही.

तारखा ठरवण्यात सर्वाधिक वेळ गेला. २६ जानेवारी शुक्रवारी येत होता, त्यामुळे शनिवार-रविवार आयताच मिळत होता. परंतु लहान मुलांना समुद्र म्हणजे वाळू, आणि वाळू किती मिळणार हे भरतीवर अवलंबून असते, हे मला आमच्या शेजारच्या, मूळच्या मालगुंडच्या आजींनी सांगितले. "अगो, घरात दिनदर्शिका आहे ना? मग तिथीची पाऊणपट कर, भरतीचा तास मिळेल," असे त्या म्हणाल्या. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा आडाखा कोकणात पिढ्यानपिढ्या वापरला जातो, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा लागतो, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही त्यांनीच समजावले.

मी दिनदर्शिका उघडून बसले. २५ जानेवारीला पौर्णिमा, म्हणजे सुट्टीचे दिवस प्रतिपदा, द्वितीया आणि तृतीयेचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी अधिक वर चढते आणि ओहोटीला तितकेच लांब मागेही जाते. आडाख्याप्रमाणे आमच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारी पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान येत होती. त्या वेळी मुले एरवीही उन्हात नको असतात. आणि चार-साडेचारनंतर पाणी ओसरू लागून किनारा मोकळा होणार होता. सकाळी सातच्या सुमारासही ओहोटीच. शंख-शिंपले वेचायला याहून चांगली वेळ नाही. हीच सुट्टी अष्टमीला धरून आली असती तर संध्याकाळी सहाला पाणी वाळू गिळून बसले असते आणि आम्ही मुलांना धक्क्यावर बसवून भेळ खात राहिलो असतो. मोठ्या माणसांना त्यात काही कमी वाटणार नाही, पण हातात फावडे-बादली घेतलेल्या मुलांना ते पटवणे अवघड. दिनदर्शिकेतच आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे सोमवारी, २९ तारखेला, संकष्टी. गणपतीपुळ्याला त्या दिवशी रांगा लागतात, त्यामुळे सुट्टी एका दिवसाने लांबवण्याचा यजमानांचा प्रस्ताव मी तिथेच मोडीत काढला.

यजमानांचा दुसरा प्रस्ताव एस.टी.चा होता आणि हिशेबाने तो अगदी बिनतोड होता. मार्च २०२३पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, मुलीचे अर्धे आणि मुलाचे काहीच नाही. म्हणजे पाच जणांना दोनच पूर्ण तिकिटांचा खर्च. तरीही घाटात मुलाला मळमळले तर गाडी आपल्या सांगण्यावरून थांबणार नाही, या एका मुद्द्यावर ते मागे पडले. रेल्वेसाठी पनवेलला जाऊन गाडी बदलायची, आणि रत्नागिरीचे स्थानक गावाबाहेर असल्याने उतरल्यावर पुन्हा रिक्षा शोधायची, हे सामान आणि झोपलेली मुले घेऊन नको वाटले. ज्यांना रेल्वेच सोयीची आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, ते नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी होते. त्यामुळे दिनदर्शिका पाहून तारीख हेरली तरी तिकिटासाठी पुन्हा आठवण ठेवावी लागते.

शेवटी घरची गाडी न्यायचे ठरले आणि रस्त्याचा प्रश्न आला. ताम्हिणीतून माणगावला उतरून मुंबई-गोवा महामार्गाने जाता येते, किंवा कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरता येते. पण दोन्ही वाटांनी पुढचा मोठा टप्पा त्या महामार्गाचाच, आणि त्याच्या चौपदरीकरणाचे काम किती वर्षे रेंगाळले आहे हे सर्वज्ञात आहे. म्हणून सातारा, कराड, कोकरूड, मलकापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा आणि हातखंबा, हा तीनशे किलोमीटरांच्या आसपासचा मार्ग घेतला. पहाटे निघालो, म्हणजे खंबाटकी घाट मुलांच्या झोपेतच पार पडला. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीशेजारी मोठी बाग आहे; तिथे मुलांना पळू दिले आणि घरून आणलेली तूप-साखर पोळी व केळे एवढेच खायला दिले. दूध मुद्दाम टाळले. उलटीचे औषध आमच्या डॉक्टरांना आधी विचारून, त्यांनी मुलाच्या वजनानुसार सांगितलेल्या मापाने घाटाच्या अर्धा तास आधी दिले. पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवून मुलीला समोरचा रस्ता पाहायला सांगितले, आणि आंबा घाट कोणत्याही प्रसंगाविना उतरला.

राहण्याच्या जागेबद्दल मात्र मी जरा जास्तच चौकस होते, आणि तसे असावे असेच माझे मत आहे. फोटोंमध्ये समुद्र दिसतो, विहिरीला कठडा आहे की नाही हे दिसत नाही. कोकणातल्या घरगुती निवासांच्या परसात विहीर हमखास असते, शिवाय उंच जोते आणि लाल चिऱ्याच्या पायऱ्या. मी भाट्याच्या किनाऱ्याकडच्या एका घरी फोन केला तेव्हा पहिलाच प्रश्न तो विचारला. पलीकडच्या काकू हसून म्हणाल्या, "ताई, आमच्या विहिरीवर जाळी आहे, नातवंडं आहेत ना आमच्याही घरात. तुम्ही खालचीच खोली घ्या, म्हणजे आजींनाही जिना नको." नंतर रात्री दूध गरम करून मिळेल का, कमोड आहे का, गादी खाली अंथरता येईल का, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि मुलांना सकाळी गुरगुट्या भात मिळेल का, हे सगळे विचारून घेतले. मेतकूट आम्ही आणू, असेही सांगितले. "मेतकूट कशाला आणताय, आमच्याकडे आहे की," हे त्यांचे उत्तर ऐकल्यावर मी आगाऊ रक्कम पाठवून दिली.

कार्यक्रम आखताना यजमानांनी केलेली यादी लांबलचक होती: जयगड, पावस, मालगुंडचे केशवसुत स्मारक, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग, लोकमान्यांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर. त्यातून मुलाची दुपारची झोप आणि संध्याकाळची ओहोटी यांच्या आड येणारे सर्व मी काढले. सकाळी आणि संध्याकाळी फक्त वाळू, आणि मधल्या वेळेत गावातले एक ठिकाण, एवढाच आराखडा उरला. एका दुपारी झाडगावच्या मत्स्यालयात गेलो. तिथला देवमाशाचा सांगाडा पाहून मुलगा इतका गप्प झाला की त्याला ताप तर नाही ना, म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. दुसरी सवड थिबा राजवाड्याला दिली. शासकीय संग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार सोयीचा ठरला.

ब्रिटिशांनी १८८५मध्ये ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत करून भारतात आणले आणि पुढे रत्नागिरीत ठेवले. १९१०मध्ये हा वाडा त्याच्यासाठी बांधून झाला आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. हे मी मुलीला सोपे करून सांगितले, तर तिने "मग तो सुट्टीत घरी का नाही गेला?" असे विचारले. कैद आणि सुट्टी यांतला फरक समजावण्यात बराच वेळ गेला, तोवर धाकटा रंगीत काचांतून जमिनीवर पडलेल्या उजेडावर उड्या मारत होता.

किनाऱ्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. भाट्याचा किनारा लांब आणि सपाट असला तरी काजळी नदीची खाडी तिथेच समुद्राला मिळते, आणि ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाणी जोराने समुद्राकडे ओढते. म्हणून आम्ही सुरूच्या बनाकडचा, मुखापासून दूरचा भाग धरला आणि मुलांना घोट्यापुढे पाण्यात सोडले नाही. गणपतीपुळ्याला दर्शनाला जाऊन आलो, पण तिथे किनारा एकदम खोल होतो व तशा सूचनांचे फलक लावलेले आहेत, त्यामुळे मुलांना तिथे पाण्याकडे नेलेच नाही. आरे-वाऱ्याला गाडी वरच्या रस्त्यावर थांबवून खाली पसरलेला समुद्र पाहिला. सासूबाईंना तेवढेच हवे होते.

सामानात सर्वांत उपयोगी पडले ते गोड्या पाण्याचे दोन मोठे कॅन आणि जुने सुती पंचे. किनाऱ्यावरच मुलांचे पाय धुऊन कोरडे केले की गाडीत आणि गादीत वाळू जात नाही, आणि खारट पाण्याने मांड्या सोलवटत नाहीत. खोबरेल तेल होतेच. विकतची खेळणी मुलांनी फारशी वापरली नाहीत. काकूंच्या घरातली करवंटी आणि वाढायचा एक जुना डाव यांवरच दोघांचे भांडण झाले.

परतीचा दिवस रविवार असल्याने त्याचीही आखणी वेगळी करावी लागली. संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर काय गर्दी होते हे पुणेकराला सांगायला नको. त्यामुळे सकाळची ओहोटी तेवढी साधून, नाश्ता करून आम्ही साडेनऊला निघालो, आंबा घाट मुलांच्या पोटात जड काही नसताना चढलो आणि जेवण मलकापूरला उरकले. कात्रज ओलांडले तेव्हा पुरते अंधारलेही नव्हते, आणि सोमवारी मुलगी शाळेत वेळेवर गेली.