न्यूअर्कला दोन स्टेशनं आहेत, हे कुणीच सांगितलं नाही

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराच्या आयर्नबाऊंड भागात जेवायला निघणार असाल तर बोर्डावर नुसतं 'न्यूअर्क' दिसलं म्हणून गाडीत चढू नका. न्यूअर्क शहरात रेल्वेची दोन स्टेशनं आहेत, पेन आणि ब्रॉड स्ट्रीट. विमानतळाचं तिसरं, ते वेगळंच. ब्राझिलियन आणि पोर्तुगीज खाणं ज्या फेरी स्ट्रीटवर आहे ती पेन स्टेशनच्या मागच्या बाजूला सुरू होते. आम्ही उतरलो ब्रॉड स्ट्रीटला.

चूक मेहुण्याची, असं मी अजूनही म्हणतो. तो न्यू जर्सीतच, एडिसनला राहतो. तिथून येणारी नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी पेनलाच थांबते, त्यामुळे त्याच्या लेखी न्यूअर्क म्हणजे न्यूअर्क, प्रश्नच नाही. "दाजी, न्यूअर्कला उतरा, समोर फेरी स्ट्रीट. नाकाच्या सरळ रेषेत चाला," एवढं त्याने फोनवर सांगितलं. पण त्या दिवशी आम्ही सकाळपासून मॅनहॅटनमध्ये होतो आणि तिथूनच निघालो. न्यूयॉर्क पेनहून मॉरिसटाऊन किंवा माँटक्लेअरकडे जाणाऱ्या गाड्यासुद्धा न्यूअर्कला थांबतात, पण ब्रॉड स्ट्रीटला. त्यात 'न्यूयॉर्क पेन' आणि 'न्यूअर्क पेन' ही दोन नावं गाडीतल्या भोंग्यावर इतकी सारखी ऐकू येतात की नेमकं कुठलं म्हणाले हे दोघांत एकमत होत नाही. चुकीच्या गाडीत बसल्याचं वेळेत कळलं तर मधल्या सिकॉकस स्टेशनला उतरून बदलता येतं. आम्हाला कळलं ते जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.

जानेवारीतला रविवार, उणे सात तापमान, दुपारचा एक. तिथून पेन स्टेशन मैलभराहून थोडं जास्त. हा आकडा वाचायला काहीच नाही, मलाही काही वाटलं नव्हतं. सिंहगड चढणाऱ्या माणसाला मैलाचं काय. पण ब्रॉड स्ट्रीटवर रविवारी चिटपाखरू नसतं, दुकानांची शटरं खाली, आणि वारा समोरून. मिलिटरी पार्कपर्यंत आम्ही बोलत होतो. रेमंड बुलेव्हार्डला डावीकडे वळल्यावर बोलणं बंद झालं. मॅकार्टर हायवे ओलांडायला सिग्नलची वाट बघत उभं राहिलो तेव्हा हिने विचारलं, "एवढं काय आहे तिथे?" मी म्हटलं, "साबुदाण्याचा पाव." त्या वेळी तो विनोद चालला नाही.

हे सगळं चालायची गरजच नव्हती, हे नंतर कळलं. ब्रॉड स्ट्रीटहून पेनला न्यूअर्क लाइट रेल जाते. तिकीट फलाटावरच्या मशीनमधून आधी काढायचं, गाडीत मिळत नाही. तरीही माझं मत विचाराल तर ब्रॉड स्ट्रीटचा विचारच सोडा. मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला असाल तर वर्ल्ड ट्रेड सेंटरहून पाथ ही लोकल पकडा, तिचं शेवटचं स्टेशन न्यूअर्क पेनच आहे, चुकायची सोय नाही. एडिसन-मेट्रोपार्कवाल्यांना तर काही करायचंच नाही. कार घेऊन जाऊ नका. मेहुण्याने पुढच्या आठवड्यात हट्टाने नेली आणि पार्किंग शोधत आम्ही त्याच तीन गल्ल्या पाऊण तास पाहिल्या.

पेन स्टेशनच्या खालून पलीकडे गेलात की पीटर फ्रान्सिस्को पार्क लागतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या पोर्तुगीज सैनिकाच्या नावाचं. तिथून फेरी स्ट्रीट. या भागाला चहूबाजूंनी रेल्वेच्या रुळांनी वेढलंय, म्हणून आयर्नबाऊंड. आधी पोर्तुगीज आले, त्यांच्या मागून भाषेच्या ओढीने ब्राझिलियन, आता इक्वेडोरचीही माणसं बरीच आहेत. दुकानांच्या पाट्या पोर्तुगीजमध्ये, मग स्पॅनिशमध्ये, आणि जागा उरली तर इंग्रजीत.

आता फसवणुकीबद्दल. थंडीने कुडकुडलेला भुकेला माणूस पाटी वाचत नाही, पाटीवरचा मोठा आकडा वाचतो. एका शुहास्कारियाच्या दारावर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या हॉटेलच्या दारावर, 'रोदीझिओ ३४ डॉलर' असं लिहिलेलं होतं. (लिहिताना र, पण ब्राझीलचे लोक शब्दाच्या सुरुवातीचा र हा ह म्हणतात. होजीझिउ विचारा, लगेच समजतं.) रोदीझिओ म्हणजे आग्रहाची पंगत. वाढपी मोठाल्या सळया घेऊन फिरतात आणि तुमच्या ताटात मांस कापत राहतात. टेबलावर एक चकती असते, हिरवी बाजू वर असेल तोवर येत राहतात, लाल केली की थांबतात. आपल्याकडे पानावर हात आडवा धरतात, तसंच.

ते ३४ डॉलर सोमवार ते शुक्रवार दुपारचे होते. खाली बारीक अक्षरात लिहिलंही होतं. रविवारी ४८. ही शाकाहारी, तसं बसतानाच सांगितलं. वाढपी हसून म्हणाला, सॅलड बार आहे, हवं ते घ्या. तिने भात, काळा घेवडा, तळलेली केळी आणि पामच्या कोंबाचे काप घेतले. बिलात तिचेही पूर्ण ४८ लावले. नुसत्या सॅलड बारचा दर २२ आहे हे मेन्यूच्या मागच्या पानावर होतं, पण मेन्यू आम्हाला कुणी दिलाच नव्हता, आणि मी मागितला नाही. दोन ग्वाराना, म्हणजे ब्राझीलचं शीतपेय, चार-चार डॉलर. १०४ झाले. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. शिवाय १०४ वर १८ टक्के सर्व्हिस, आपोआप. सगळं मिळून १२९ डॉलर ६१ सेंट. आणि खाली टिपची रिकामी ओळ. बोटं बधिर, पोट तुडुंब, मी तिथे वीस लिहिले. म्हणजे टिप दोनदा दिली. गाडीत परतताना पावती वाचली तेव्हा कळलं. दोन माणसांच्या जेवणाला दीडशे डॉलर, त्यातलं एक माणूस केळी खात होतं.

तेव्हा: बसायच्या आधी विचारा की आजचा दर काय, नुसता सॅलड बार वेगळा मिळतो का, आणि सर्व्हिस बिलातच लागते का. तिन्ही प्रश्न उभ्यानेच. खुर्चीत बसल्यावर माणूस हरलेला असतो.

मांसाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर पिकान्या अप्रतिम होतं. गाईच्या पुठ्ठ्याचा चरबीची टोपी असलेला तुकडा, वर फक्त जाड मीठ, दुसरं काही नाही. पण ते सुरुवातीला येत नाही. आधी सॉसेज, कोंबडीची काळजं, पंख, म्हणजे पोट भरणारा स्वस्त माल. मी पहिल्या दहा मिनिटांत पाच सॉसेज खाल्ले आणि पिकान्या आलं तेव्हा मला दोनच काप गेले. तिथे जाऊन सॉसेजला हो म्हणू नका. गोमांस खात नसाल तर रोदीझिओला जाण्यात काहीच अर्थ नाही, कोंबडीसाठी ४८ डॉलर कुणी देत नाही.

खरं जेवण वजनाच्या हॉटेलात आहे. ब्राझीलमध्ये त्याला 'पोर किलो' म्हणतात, इथे पौंडावर. ताट भरा, काट्यावर ठेवा, जेवढं वजन तेवढे पैसे. बुधवारी दुपारी एकटाच गेलो, दर १२.९९ पौंडाला, माझं ताट १.४ पौंड, १८ डॉलर १९ सेंट अधिक टॅक्स. वाढपी नाही, त्यामुळे टिपची भानगड नाही. भाजलेलं मांस आणि भात एकाच दराने तोलले जातात, हे डोक्यात ठेवा. कलिंगडाची फोड मांसाच्या भावाने पडते. घेवड्याची पातळ उसळ वाटीत घेतलीत की काटा धावतो. भात चमचाभर, वर फरोफा. फरोफा म्हणजे कसावा नावाच्या कंदाचं भाजलेलं जाडं पीठ, वजनाला हलकं आणि चवीला शेंगदाण्याच्या कुटासारखं कुठल्याही ओल्या पदार्थावर बसणारं. बुधवारी आणि शनिवारी फेजुआदा असते, काळा घेवडा आणि डुकराच्या मांसाचे नाना तुकडे, सोबत संत्र्याच्या फोडी आणि बारीक चिरून परतलेला पालेभाजीचा ढीग. जड. त्यानंतर कुठे जायचं ठरवू नका, मी ठरवलं होतं आणि पेन स्टेशनच्या बाकावर झोपलो.

शाकाहाऱ्यांसाठी मात्र इशारा. 'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. ब्राझिलियन बोलण्यात कार्नी म्हणजे बहुतेकदा बीफ. कोंबडी, हॅम आणि बेकन त्यात धरतच नाहीत. हिने 'सें कार्नी' म्हणून घेतलेल्या घासात हॅमचे तुकडे निघाले, आणि काउंटरवरच्या मुलीला खरोखर नवल वाटलं की यात चूक काय. तेव्हा पूर्ण यादी म्हणा: सें कार्नी, सें फ्रांगु, सें प्रेझुंतु, सें बेकन. फरोफ्यात आणि घेवड्यातही बेकन असतं, दर वेळी विचारा. कोशिन्या हा थेंबाच्या आकाराचा वडा दिसायला आपल्या बटाटेवड्याचा भाऊ, आत कोंबडी. चीजचा पास्तेल बिनधास्त घ्या, मोठ्या चौकोनी करंजीसारखा, गरम तेलातला, आणि सोबत उसाचा रस मिळाला तर तोही. ब्राझीलच्या आठवडी बाजारात हीच जोडी असते. मात्र पोर्तुगीज बेकरीत 'पास्तेल' मागितलात तर अंड्याच्या गोड कस्टर्डची वाटी हातात पडेल. तीही वाईट नाही, पण भुकेला उपयोग नाही.

पोर्तुगीज बेकरीत सकाळी जा. काउंटरपलीकडच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नाही. मी बोट दाखवून सवयीने म्हटलं, "पाव." त्यांनी न थांबता विचारलं किती. शब्द त्यांचाच, आपल्याकडे गोव्यामार्गे आलेला, फक्त त्या तो नाकातून म्हणतात. वरून कडक, आतून मऊ, मधे चीर असलेला छोटा पाव. मेहुण्याकडे आणून मिसळीबरोबर खाल्ला. मेहुण्याने सहा पाव एकट्याने संपवले आणि स्टेशनबद्दल अजूनही माफी मागितलेली नाही.

ब्राझिलियन वाणसामानाच्या दुकानात काय घ्यायचं ते थोडक्यात. काजूच्या बोंडांचा दाट रस बाटलीत मिळतो, पाणी आणि साखर घालून प्यायचा. झाकण उघडल्याबरोबर कोकणातला मे महिना, घशाला धरतोही तसाच. 'काजू' हा शब्दही तिकडचाच, झाडासकट आलेला. पाँव जी केजू, म्हणजे चीजचे छोटे गोल पाव (माझ्या विनोदातला साबुदाण्याचा पाव तो हाच), गोठवलेले घ्या आणि घरी भाजा. दुकानातले थंड झालेले रबरासारखे लागतात, विकत घेऊ नका. त्यात गव्हाचा कण नसतो, सगळा कसाव्याचा स्टार्च. अंडं असतं, हे विसरू नका.

बाकी दिवसांचं फार लिहिण्यासारखं नाही. पेटरसनला एक दिवस गेलो, पेरूची भाजलेली कोंबडी आणि हिरवी मिरचीची चटणी खाल्ली, जांभळ्या मक्याचं सरबत प्यायलो, दक्षिण भागातल्या अरबी दुकानात गरम कनाफे, म्हणजे चीजची गोड मिठाई, खाल्ले, धबधबा पाहिला. सगळं वेळेवर, स्वस्त, छान. जर्सी सिटीतला भारतीय बाजार न्यूअर्क अव्हेन्यूवर आहे. तो न्यूअर्कमध्ये नाही, हेही सांगून ठेवतो, कारण या राज्यात नावांचा काही नेम नाही.

शेवटच्या फेरीत मी 'गोमा'चं एक पाकीट आणलं. ओलसर करून ठेवलेला कसाव्याचा स्टार्च, बाकी काही नाही. तवा कोरडा तापवायचा, पीठ चाळणीने पसरायचं, मिनिटभरात ते आपोआप एकमेकांना धरतं आणि पांढरं धिरडं तयार होतं. तेल नको, पाणी नको. आत ओलं खोबरं आणि साखर. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सासूबाई एडिसनलाच होत्या, त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. साबुदाणा याच कंदाचा, कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, हे मी समजावलं. "म्हणजे आपला साबुदाणाच परदेशी?" एवढंच म्हणाल्या आणि दुसरं धिरडं मागितलं.

एक पाकीट चार माणसांना पुरलं नाही. दोन आणा.